प्लॉटची हवा आणि वास आधी तपासून घ्या
सांगली-मिरज-कुपवाडमधील जमीनमालक आणि बांधकाम व्यावसायिकांसाठी माहितीपत्रक

प्लॉट बघायला माणूस बहुधा सकाळी अकराला नाहीतर दुपारी जातो. तोवर ऊन चढलेलं असतं, जमीन तापून हवा वर उठलेली असते आणि वास विरून गेलेला असतो. ऐन गळीत हंगामात, थंडीच्या पहाटे त्याच बांधावर जाऊन उभे राहा. जमिनीलगतची गार हवा खालीच बसते, तिच्यावर उबदार थराचं झाकण पडतं, आणि मळीचा, नाल्याचा किंवा कचरा डेपोचा वास त्या झाकणाखालून लांबवर पसरतो. फ्लॅट घेणाऱ्या कुटुंबाला ती पहाट रोज काढायची असते. म्हणून हवा आणि वासाची तपासणी करणारे आम्ही आग्रहानं सांगतो की आराखडा कागदावर असतानाच ही तपासणी करून घ्या. स्लॅब पडल्यावर खिडकीची दिशा बदलता येत नाही.

कायद्याचं थोडक्यात. केंद्र सरकारच्या २००६ च्या पर्यावरण परिणाम मूल्यांकन अधिसूचनेनुसार २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून जास्त बांधकाम असेल तर पर्यावरणीय मंजुरी लागते आणि अर्जात परिसरातल्या हवेची माहिती द्यावी लागते. त्याहून लहान प्रकल्पाला ही मंजुरी लागत नाही, पण धूळ आणि वास चौरस मीटर मोजून येत नाहीत. हवेचे निकष २००९ चे आहेत: २४ तासांच्या सरासरीत पीएम १० (हवेतले बारीक धूलिकण) साठी १०० आणि पीएम २.५ (त्याहूनही बारीक कण) साठी ६० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर. निकष न पाळले गेलेल्या शहरांसाठी २०१९ मध्ये राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू झाला, त्या यादीत सांगलीचं नाव आहे. त्यामुळे बांधकामाच्या धुळीकडे इथे जास्त बारकाईनं पाहिलं जाणार, हे धरूनच चाला. आडोशाचे पत्रे, वाळू-मातीवर ताडपत्री, पाण्याचा फवारा, उघड्यावर दगड-फरशी न कापणे, या गोष्टींचा खर्च सुरुवातीच्या अंदाजपत्रकातच धरा.

धूळ मोजणं तसं सरळ आहे. वजन केलेला फिल्टर पेपर यंत्रात बसवतो, २४ तास हवा ओढतो आणि पेपर पुन्हा वजन करतो. यंत्र कुठे ठेवलं याला मात्र फार महत्त्व आहे. झाडाखाली किंवा भिंतीच्या आडोशाला ठेवलेल्या यंत्राचे आकडे आम्ही अहवालात घेत नाही. पावसानं धुतलेल्या हवेच्या आकड्यांवरही विसंबू नका. वीटभट्ट्या, उसाच्या पाल्याचा धूर, कारखान्यांची धुराडी हे सगळं पावसाळ्यानंतरच दिसतं.

वासाचं काम अवघड. त्याला आपल्याकडे धुळीसारखी एका आकड्याची मर्यादा नाही. हवेचा नमुना पिशवीत भरून प्रयोगशाळेत नेतात, स्वच्छ हवा मिसळून तो पातळ करत जातात आणि निवडलेल्या माणसांना हुंगायला देतात. निम्म्या माणसांनाच वास कळेल इतका तो किती पट पातळ करावा लागला, तेच वासाचं माप. सडक्या अंड्यासारखा वास येणारा हायड्रोजन सल्फाइड अब्जात काही भाग एवढा असला तरी नाकाला कळतो. पण नाक लवकर सरावतंही. त्यामुळे ‘आम्हाला तर काही वास येत नाही’ हे शेजाऱ्याचं म्हणणं खरं असलं तरी पुरावा म्हणून चालत नाही. आमची माणसं वाऱ्याच्या दिशेनं ठरलेल्या ठिकाणी थांबतात, वेळ आणि वासाची तीव्रता लिहितात, मग वासापासून दूर जाऊन पुन्हा येतात. पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून असतो, थंडीत बहुधा पूर्वेच्या बाजूनं. एकाच भेटीत दोन्हींचा अंदाज येत नाही.

बाहेरून येणाऱ्या वासाइतकाच तुमच्याच इमारतीतून निघणारा वास बघावा लागतो. सांडपाणी प्रक्रिया केंद्राचा ब्लोअर (टाकीतल्या पाण्यात हवा सोडणारं यंत्र) बंद राहिला की टाकीतलं पाणी कुजतं आणि तळमजल्यावरचे लोक तक्रार घेऊन येतात. टाकीच्या हवेचा पाइप गच्चीच्या वर न्या आणि ब्लोअर दोन ठेवा. जनरेटरच्या धुराड्याचा हिशेब सोपा आहे: केव्हीएच्या (जनरेटरच्या क्षमतेच्या आकड्याच्या) वर्गमुळाला ०.२ नं गुणा, येतील तितके मीटर धुराडं इमारतीपेक्षा उंच. १०० केव्हीएला २ मीटर, ४०० ला ४. शेजारची इमारत जास्त उंच असेल तर तिच्या खिडक्या कुठे येतात तेही आम्ही नकाशावर दाखवतो.

पहिल्या भेटीला सातबारा, मोजणीचा नकाशा आणि आर्किटेक्टचा कच्चा आराखडा घेऊन या. आराखडा पक्का झालेला नसेल तर जास्तच चांगलं.