फ्रिजची पाण्याची लाइन : थंडी पडायच्या आधी एवढं वाचाच

मिशिगनमधल्या आपल्या सगळ्या आरव्हीवाल्या (म्हणजे राहायची सोय असलेल्या गाडीवाल्या) मंडळींना नमस्कार! एप्रिलमध्ये गाडी बाहेर काढली, पाणी चालू केलं आणि फ्रिजखालची फरशी ओली, असे फोन आम्हाला दरवर्षी येतात आणि खरंच वाईट वाटतं, कारण हे नोव्हेंबरमध्येच टळलं असतं.

होतं काय, की थंडीसाठी गाडी बंद करताना टाकी, सिंक, शॉवर सगळं रिकामं केलं जातं पण आइसमेकरची ती पाव इंची नळी राहून जाते. ती फ्रिजच्या मागे, बाहेरच्या जाळीच्या झाकणाला लागूनच असते, तिथे आतल्या हीटरची ऊब पोचत नाही आणि चालत्या गाडीत वारा थेट लागतो. पाणी 32 डिग्री फॅरनहाइटला गोठतं आणि गोठताना साधारण 9 टक्के फुगतं. नळी एकवेळ थोडा ताण सहन करेल, पण सोलेनॉइड व्हॉल्व्हचं (विजेवर उघडणाऱ्या पाण्याच्या झडपेचं) प्लॅस्टिक तडकतं. बर्फ आहे तोवर कळत नाही, तो वितळला की पाणी सुटतं.

आता महत्त्वाचं. हा व्हॉल्व्ह वीज मिळाल्याशिवाय उघडत नाही, म्हणून नुसती हवा मारली तरी आत पाणी अडकून राहतं. आधी लाइनचा शटऑफ (पाणी बंद करायचा कॉक) बंद करा, व्हॉल्व्हजवळचा नट सोडून नळी रिकामी करा, मग फ्रिज चालू ठेवून आइसमेकरची एक-दोन सायकल होऊ द्या, म्हणजे राहिलेलं पाणी ट्रेमध्ये येतं. हवा मारायचा कॉम्प्रेसर वापरत असाल तर दाब 30-40 पीएसआयच्या वर नको. अँटीफ्रीझ (थंडीत गोठू न देणारं द्रव) भरायचंच असेल तर आरव्हीसाठी मिळणारं गुलाबी घ्या, कारचं हिरवं विषारी असतं, ते चुकूनही नको, आणि फिल्टर आधी काढा नाहीतर तो वाया गेलाच समजा.

थंडीतही फिरणार असाल तर आमचं स्पष्ट मत, आइसमेकर बंद ठेवा, साध्या ट्रेमध्ये बर्फ लावा. तसं नकोच असेल तर नळीला फोम आणि थर्मोस्टॅटवाली हीट टेप लावून घ्या. पण थंडी नको म्हणून बाहेरची जाळी टेपने पूर्ण बंद करू नका हं, गॅसवर चालणाऱ्या फ्रिजला तिथूनच हवा लागते, आणि ती आत आली तरच धूर आणि उष्णता वरच्या व्हेंटमधून बाहेर जाते! गोठलीच तर हेअर ड्रायर कमी हीटवर, धीराने. आगीच्या ज्योतीची टॉर्च, लायटर अजिबात नाही.

सीझन सुरू करताना कॅम्पग्राउंडच्या नळाला प्रेशर रेग्युलेटर लावा, प्रत्येक जोडावर कोरडा टिश्यू फिरवून बघा, रस्त्यावरच्या हादऱ्यांनी नट सैल होतात. सगळे नळ बंद असताना पंप मधूनच चालू होत असेल तर कुठेतरी गळतंय, पाणी बंद करा आणि आम्हाला फोन करा. आणि हो, बर्फाच्या पहिल्या दोन-तीन खेपा टाकून द्या.