सिमेनाँ, झॉर्झ : कादंबरी-लेखन

फ्रेंच भाषेत लिहिणारा बेल्जियन कादंबरीकार झॉर्झ सिमेनाँ (१९०३–८९) याचे कथात्म साहित्य. जन्म बेल्जियममधील ल्येझ येथे. सरकारी दप्तरात १२ फेब्रुवारी ही तारीख असली, तरी जन्म मध्यरात्रीनंतर, म्हणजे शुक्रवारी १३ तारखेला झाला आणि अपशकुन टाळण्यासाठी घरच्यांनी आदला दिवस नोंदवला, अशी कौटुंबिक हकीकत आहे. बहुतेक चरित्रकार ती ग्राह्य धरतात.

त्याच्या लेखनाचे सर्वसाधारणपणे तीन भाग पाडले जातात : टोपणनावांनी लिहिलेल्या बाजारू कादंबऱ्या, मेग्रे या पोलीस अधिकाऱ्याची मालिका आणि ज्यांना तो स्वतः ‘रोमां द्यूर’ (कठोर कादंबऱ्या) म्हणत असे त्या गंभीर कादंबऱ्या. ही वाटणी बरीचशी त्याने स्वतःच रूढ केली. ती सोयीची आहे, पण पुढे मेग्रेच्या जन्माविषयी जे दिसते त्यावरून ती काटेकोर मानता येत नाही.

ल्येझच्या एका दैनिकात १९१९ मध्ये वार्ताहर म्हणून त्याची उमेदवारी सुरू झाली. पहिली कादंबरी १९२१ मध्ये निघाली आणि पुढच्या वर्षाअखेरीस तो पॅरिसला गेला. तेथे ‘ल मातँ’ या दैनिकाचा साहित्यविभाग पाहणाऱ्या कोलेत या लेखिकेने त्याच्या कथा ‘फार साहित्यिक’ म्हणून परत केल्या. साहित्यिकपणा टाळण्याचा हा सल्ला तो आयुष्यभर सांगत राहिला. विशेषणे व क्रियाविशेषणे छाटण्याची त्याची सवय येथूनच लागली असावी. या दशकात झॉर्झ सिम, क्रिस्त्याँ ब्रूल, झाँ द्यू पेरी इ. दोन डझनांच्या आसपास नावांनी त्याने प्रेमकथा, साहसकथा आणि चावट कथा लिहिल्या. अशा कादंबऱ्यांची संख्या दोनशेच्या घरात जाते. सूचिकारांत एकमत नाही. काचेच्या पिंजऱ्यात बसून लोकांसमक्ष कादंबरी लिहिण्याचा १९२७ मधील बेत प्रत्यक्षात आलाच नाही. तरीही तो प्रसंग ‘पाहिल्याच्या’ आठवणी पुढे अनेकांनी सांगितल्या. सिमेनाँविषयीची माहिती पारखून का घ्यावी लागते, ते यावरून कळावे.

मेग्रेचा उगम हा वादाचा विषय आहे. सिमेनाँने १९६६ मध्ये लिहिलेल्या प्रस्तावनेनुसार १९२९ च्या शरद ऋतूत त्याची ‘ऑस्ट्रोगॉथ’ ही नौका नेदर्लंड्समधील डेल्फझाइल बंदरात दुरुस्तीसाठी थांबली होती. फटी बुजवण्याच्या ठोकाठोकीमुळे नौकेवर लिहिणे अशक्य झाले, तेव्हा त्याने जवळच्या एका टाकून दिलेल्या, अर्ध्या बुडालेल्या पडावात खोक्यावर टंकलेखनयंत्र ठेवून ‘प्येत्र-ल-लेतों’ ही मेग्रेची पहिली कादंबरी लिहिली. एका सकाळी कॅफेत जिनसारख्या स्थानिक मद्याचे एकदोन पेले घेत असताना पाइप, टोपी आणि जाड ओव्हरकोट असलेली एक धिप्पाड आकृती त्याच्या डोळ्यांसमोर उभी राहिली, असे तो म्हणतो. प्रस्तावनेच्याच वर्षी, १९६६ मध्ये, डेल्फझाइलमध्ये मेग्रेचा पुतळा उभारला गेला आणि ही हकीकत जवळजवळ अधिकृत ठरली.

मात्र टोपणनावांनी लिहिलेल्या किमान चार कादंबऱ्यांत मेग्रे याआधीच वावरतो. ‘त्रँ द न्वी’ (१९३०) या ब्रूलच्या नावावरील कादंबरीत तो गौण पात्र आहे. ‘ला मेझों द लँक्येत्यूद’मध्ये तो तपासाचा प्रमुख असून ही कादंबरी १९३० च्या मार्चपासून क्रमशः छापली जात होती, तर ‘प्येत्र-ल-लेतों’ त्याच वर्षीच्या जुलैत क्रमशः येऊ लागली. क्लोद मेंगी व प्येर देलिनी या अभ्यासकांच्या मते डेल्फझाइलला लिहिली गेली ती बहुधा ‘त्रँ द न्वी’. ‘प्येत्र’ १९३० मधील असून फ्रान्समध्ये लिहिलेली असावी. कादंबऱ्यांचे अंतर्गत पुरावे पाहता हे मत अधिक पटण्याजोगे आहे. ‘प्येत्र’मधील मेग्रे ओळख करून देण्याची गरज नसलेला, तयार झालेला माणूस आहे. सिमेनाँची आठवण खोटीच असेल असे नाही. दोन वर्षांच्या धांदलीतील दोन पुस्तके तिच्यात एक झाली असावीत.

पुस्तकरूपाने मालिका फायार या प्रकाशनसंस्थेने फेब्रुवारी १९३१ मध्ये सुरू केली. त्यासाठी पॅरिसमधील एका नाइटक्लबात पाहुण्यांच्या बोटांचे ठसे घेणारा नृत्यसमारंभ झाला होता. मालिकेत एकूण ७५ कादंबऱ्या व २८ कथा आहेत. मेग्रेची पद्धत पुराव्यांच्या जुळवाजुळवीपेक्षा वातावरणात मुरून माणसांना समजून घेण्याची आहे. तपशिलांची काटेकोर जुळणी लेखकाला फारशी महत्त्वाची वाटत नसे : ‘प्येत्र’मध्ये मारला गेलेला सहकारी तोरान्स पुढील पुस्तकांत बिनदिक्कत कामावर हजर असतो. ‘ले मेम्वार द मेग्रे’ (१९५१) या पुस्तकात मेग्रे स्वतःच निवेदक होऊन, सिम नावाच्या एका तरुण लेखकाने आपले चित्र कसे ढोबळ केले, याची तक्रार करतो. मालिकेतील हे सर्वांत खेळकर पुस्तक होय.

१९३४ मध्ये मेग्रेला निवृत्त करून सिमेनाँ गालिमार या प्रकाशनसंस्थेकडे गेला. मेग्रे काही वर्षांनी परतला, पण सिमेनाँची महत्त्वाकांक्षा गंभीर कादंबऱ्यांतच होती. त्या शंभरावर आहेत. यांत गुन्हा असतो, कोडे नसते. ‘लॉम की रगार्दे पासे ले त्रँ’ (१९३८) या कादंबरीचा नायक केस पोपिंगा हा ग्रोनिंगेनमधील एक नेमस्त हेडक्लार्क. मालकाचे दिवाळे निघाल्याचे कळताच तो घरदार सोडतो, त्याच्या हातून एका स्त्रीचा मृत्यू होतो आणि पॅरिसमध्ये लपून असताना, आपल्याविषयी छापून आलेल्या मजकुरातील चुका दुरुस्त करणारी पत्रे तो वृत्तपत्रांना पाठवत बसतो. ‘ल नेज एते साल’ (१९४८) ही शत्रूच्या ताब्यातील एका निनावी शहरात घडते. तिचा तरुण नायक केवळ करून पाहण्यासाठी खून करतो. समीक्षक सहसा हिलाच अग्रस्थान देतात. आंद्रे झीद या फ्रेंच साहित्यिकाने मात्र ‘ला व्हव्ह कुदेर्क’ (१९४२) त्याच वर्षीच्या काम्यूच्या ‘लेत्रांझे’पेक्षा सरस मानली.

कादंबरीची सुरुवात एका पिवळ्या लिफाफ्यावर होई. त्यावर पात्रांची नावे, वये, पत्ते आणि दूरध्वनिक्रमांक टिपलेले असत. नावे तो टेलिफोन डिरेक्टरीतून काढी. कथानक ठरलेले नसे. रोज एक प्रकरण, असे सुमारे अकरा दिवस. मध्ये दोन दिवसांचे आजारपण आले, तर झालेली प्रकरणे फेकून द्यावी लागतात आणि त्या कादंबरीकडे पुन्हा वळता येत नाही, असे त्याने १९५५ च्या एका मुलाखतीत सांगितले आहे. दुरुस्ती म्हणजे मुख्यतः काटछाट. ‘सुंदर’ वाक्य दिसले की ते जाई.

यास अपवाद ‘पेदिग्री’ (१९४८) ही ल्येझमधील बालपणावरची दीर्घ कादंबरी. १९४० च्या सुमारास डॉक्टरांनी हृदयविकाराचे चुकीचे निदान करून थोडेच आयुष्य उरल्याचे सांगितले, तेव्हा मुलासाठी म्हणून त्याने आठवणी लिहायला घेतल्या. झीदच्या सल्ल्याने त्या तृतीयपुरुषी कादंबरीत बदलल्या. त्यात स्वतःला ओळखलेल्या काहींनी दावे लावले आणि पुढच्या आवृत्तीत आक्षेपार्ह मजकुराच्या जागा कोऱ्या सोडाव्या लागल्या.

१९७२ मध्ये त्याने कादंबरी-लेखन थांबवले. नंतर ध्वनिमुद्रित केलेली आत्मपर कथने २१ खंडांत निघाली. त्यांचे वाङ्मयीन मोल बेताचे आहे. लोझान येथे त्याचे निधन झाले. हस्तलिखिते व लिफाफे त्याने ल्येझ विद्यापीठाला दिले असून, ‘प्लेयाद’ या प्रतिष्ठित फ्रेंच ग्रंथमालेत २००३ मध्ये त्याच्या निवडक कादंबऱ्यांचे दोन खंड आणि २००९ मध्ये ‘पेदिग्री’चा समावेश असलेला तिसरा खंड प्रसिद्ध झाला.