मंडळ की दफ्तर?

गावाचा इतिहास शोधायचा म्हटलं की "पुण्याला जाऊन पेशवे दफ्तर बघून येतो" असं म्हणत माणूस निघतो आणि सदाशिव पेठेत भारत इतिहास संशोधक मंडळाच्या दारात उभा राहतो. मीही असाच उभा राहिलो होतो. गल्लत होणारच; दोन्हीकडे मोडी आणि दोन्हीकडे रुमालांत बांधलेले कागद. फरक आहे तो कागद कुणाच्या घरचे याचा.

पेशवे दफ्तर सरकारी. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि दरबारचे कागद इंग्रजांच्या हाती गेले. इनामं खरी की खोटी हे ताडून पाहायला ते लागायचे, म्हणून जपले गेले. आज ते राज्य सरकारच्या पुणे पुराभिलेखागारात आहेत.

मंडळ १९१० चं, वि. का. राजवाडे आणि खंडेराव मेहेंदळे यांनी काढलेलं. राजवाडे त्याआधीपासूनच गावोगाव हिंडून लोकांच्या घरांतले कागद गोळा करत होते. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला तो वाईत सापडलेल्या कागदांवर. मंडळाचा संग्रहही मुख्यतः असाच घराण्याघराण्यांतून जमला.

म्हणून दफ्तरात तुमचं गाव बहुधा आकड्यांत भेटतं. रोजकीर्द म्हणजे रोजचा जमाखर्च, प्रांत अजमास म्हणजे परगण्यांचे अंदाज. वसूल किती, सूट किती, हे तिथे. गावातली माणसं मात्र भेटतात ती घराण्यांच्या कागदांत. वतनाच्या, म्हणजे वंशपरंपरागत हक्काच्या, तंट्याचा महजर घ्या; महजर म्हणजे सभेनं दिलेला लेखी निवाडा. गोतसभा, म्हणजे गावकऱ्यांची नि वतनदारांची न्यायसभा, बसली, कोण काय बोललं, साक्ष कुणी दिली, आणि खाली हजर असलेल्यांची नावं. लिहिता न येणाऱ्यांच्या सहीऐवजी चित्रं: पाटलाचा नांगर तर हमखास. शाईनं काढलेला तो वाकडातिकडा नांगर पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी कामाचा कागद विसरून त्याच्याकडेच बघत बसलो.

तारखेनं मात्र दोन्हीकडे अडायला होतं. साल अरबी आकड्यांच्या शब्दांत लिहिलेलं असतं. 'समान सबैन मया व अलफ' हे उलटं वाचायचं: हजार, शंभर, सत्तर, आठ. म्हणजे त्या काळच्या सुहूर कालगणनेचा सन ११७८. त्यात ५९९ मिळवले की इसवी सन १७७७; पण हे साल मृगापासून सुरू होतं, तेव्हा कागद पुढच्या जानेवारी ते मे मधला असेल तर ६०० मिळवा.

मोडी येत नसेल तर इतिहासकार गो. स. सरदेसायांनी पेशवे दफ्तरातून निवडून छापलेले ४५ खंड देवनागरीत आहेत, तिथून सुरुवात करा. निवड दरबाराच्या राजकारणाकडे झुकलेली आहे, हे धरून चाला.

आणि एकाच तंट्याचे कागद दोन्हीकडे मिळाले तर नशीबच म्हणायचं. महजरात सगळं भांडण शब्दाशब्दानं असतं. सरकारी हिशेबात त्याची एक ओळ: जिंकणाऱ्याकडून हरकी म्हणजे जिंकल्याची भेट, हरणाऱ्याकडून गुन्हेगारी म्हणजे दंड, रुपये अमुक, जमा.