बालसखीचा फायदा कसा मोजला?

वर्गातली मागे पडलेली १५-२० मुलं निवडून बालसखीने त्यांना रोज दोन तास वेगळं शिकवलं, तरी वर्षाअखेरीस त्यांचे गुण इतरांपेक्षा कमीच भरले. म्हणून योजना फसली म्हणायची? ती कच्ची म्हणूनच तर निवडली होती. त्यांचेच जूनचे आणि मार्चचे गुण ताडून पाहावेत, तर वाढ दिसणारच; वर्षभरात मूल योजनेविनाही काही शिकतंच.

‘प्रथम’ या शिक्षणात काम करणाऱ्या संस्थेच्या बालसखी कार्यक्रमात हाच पेच होता. बालसखी म्हणजे वस्तीतलीच शिकलेली तरुणी, मानधन तेव्हा महिना ५०० ते ७५० रुपये. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो, शॉन कोल आणि ली लिंडन या अर्थतज्ज्ञांनी २००१ ते २००३ या काळात मुंबई आणि वडोदऱ्याच्या महापालिका शाळांत त्याची चाचणी घेतली. वडोदऱ्यात कोणत्या शाळेला तिसरीसाठी बालसखी द्यायची आणि कोणत्या शाळेला चौथीसाठी, हे यदृच्छेने, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखं, ठरवलं. त्यामुळे एकीकडची तिसरी दुसरीकडच्या तिसरीशी ताडता आली, आणि कोणतीच शाळा रिकाम्या हाती राहिली नाही. मुख्याध्यापकांचं सहकार्य टिकायला हे फार मोलाचं.

तुलना मात्र पूर्ण वर्गाची करायची, फक्त बालसखीकडे गेलेल्यांची नाही. बालसखी नसलेल्या वर्गातून कोण गेलं असतं, हे कुणाला ठाऊक?

गुणांची सरासरी पहिल्या वर्षी ०.१४ आणि दुसऱ्या वर्षी ०.२८ प्रमाण विचलनाने (गुण सरासरीभोवती किती पसरलेत याचं माप) वाढली. शंभरांत पन्नासाव्या पायरीवरचं मूल साधारण एकसष्टाव्या पायरीवर जावं, एवढी ही दुसऱ्या वर्षीची वाढ. ती झाली मुख्यतः कच्च्या मुलांत. शिक्षकांपाशी उरलेल्यांचा वर्ग लहान झाला, पण त्यांना जवळपास काहीच लाभ दिसला नाही. पट कमी केला की शिक्षण सुधारतं असं गृहीत धरणाऱ्यांनी इथे थांबून विचार करावा. कार्यक्रम संपल्यावर वर्षभराने फायदा ०.१च्या आसपास घसरला, हेही खरं.

अशा अभ्यासांत घोळ बहुधा नमुन्यात होतो. एका शाळेतली मुलं एकमेकांसारखी असतात. १०० शाळांतली प्रत्येकी ४० मुलं घेतली आणि त्यांच्या गुणांचा शाळांतर्गत सहसंबंध (एकाच शाळेतल्या मुलांच्या गुणांतलं साम्य) ०.२ असला, तर माहिती किती पटीने घटते? १ + ३९ × ०.२ = ८.८. म्हणजे ४,००० मुलांची माहिती सुमारे ४५५ सुट्या मुलांइतकीच! उरलेलं बजेट मग शाळा वाढवण्यात घालावं, शाळेतली मुलं वाढवण्यात नाही. आणि परीक्षेच्या दिवशी गैरहजर राहिलेल्यांना पुन्हा गाठून तपासावं. गळतात ती बहुतेक कच्चीच, आणि ती एकाच गटातून जास्त गळली तर त्या गटाची सरासरी फुकट फुगते.