नुवैरतचा माणूस आणि त्याच्या आधीचा वाद

१९०२ साली इजिप्तमधल्या नुवैरत इथे, खडकात खोदलेल्या एका कबरीत मातीचा मोठा रांजण सापडला. आत एका पुरुषाचा मृतदेह दुमडून ठेवलेला होता. तो सांगाडा पुढे लिव्हरपूलला गेला, दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बफेकीतूनही वाचला. जुलै २०२५ मध्ये त्याच्या दातांतून मिळालेला संपूर्ण जीनोम, म्हणजे त्याच्या डीएनएचा पूर्ण आराखडा, ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. इ.स.पू. २८५५ ते २५७० च्या दरम्यान जगलेल्या या माणसाचा सुमारे ८० टक्के वारसा उत्तर आफ्रिकेतला, तर २० टक्के मेसोपोटेमियाकडचा निघाला.

अशी बातमी आली की एकच प्रश्न पुन्हा वर येतो: प्राचीन इजिप्शियन काळे होते की गोरे? हा प्रश्न डीएनएने उभा केलेला नाही. त्याची मुळं बरीच जुनी आणि बरीच कडवट आहेत.

१७८७ मध्ये फ्रेंच प्रवासी व्होल्नेने स्फिंक्सचा चेहरा कृष्णवर्णीयाचा असल्याचं लिहिलं. १८४४ मध्ये अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाचा डॉक्टर सॅम्युअल मॉर्टन याने इजिप्तहून आलेल्या कवट्यांची मापं काढून नेमकं उलट सांगितलं: राज्यकर्ते कॉकेशियन म्हणजे गोऱ्या वंशाचे, आणि काळे लोक तेव्हाही गुलामच. अमेरिकेत गुलामगिरी चालू असताना हा निष्कर्ष कुणाच्या सोयीचा होता हे उघड आहे. गुलामगिरीच्या समर्थकांनी तो लगेच उचलला. पुढे ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ फ्लिंडर्स पेट्रीला १८९४-९५ मध्ये नकादा इथे हजारो कबरी सापडल्या, तेव्हा त्याने त्या बाहेरून आलेल्या ‘नव्या वंशा’च्या ठरवल्या. प्रत्यक्षात ते राजवंशांच्या आधीचे इजिप्शियनच होते. तरीही बाहेरून आलेल्या लोकांनी ही संस्कृती उभी केली, ही कल्पना पुढे कित्येक दशकं टिकून राहिली. आफ्रिकेच्या मातीत इतकं मोठं काही उगवू शकतं, हे मान्य करणंच त्या काळच्या युरोपला जड जात होतं.

या सगळ्याला सेनेगलचे इतिहासकार शेख अंता दियोप यांनी आव्हान दिलं. ममींच्या त्वचेतलं मेलॅनिन, म्हणजे त्वचेला गडद रंग देणारं द्रव्य, तपासून, भाषांची तुलना करून त्यांनी इजिप्त ही काळ्या आफ्रिकेची संस्कृती असल्याचं मांडलं. १९७४ मध्ये युनेस्कोने कैरोत भरवलेल्या परिसंवादात ते आणि काँगोचे अभ्यासक थिओफिल ओबेंगा एका बाजूला, तर बहुतेक इजिप्ततज्ज्ञ दुसऱ्या बाजूला होते. एकमत झालं नाही. पण इजिप्तकडे आफ्रिकेचा भाग म्हणून पाहायला त्यांनी भाग पाडलं, आणि माझ्या मते हे त्यांचं श्रेय कुठल्याही मेलॅनिन चाचणीपेक्षा मोठं आहे.

डीएनएची सुरुवातही अडखळतच झाली. १९८५ मध्ये स्वीडिश संशोधक स्वांते पेबो यांनी एका बालकाच्या ममीतून डीएनए मिळवल्याचं जाहीर केलं, पण तो बहुधा आधुनिक माणसाच्या स्पर्शातून आलेला होता. इजिप्तच्या उष्णतेत डीएनए लवकर झिजतो. त्यामुळे २०१७ चा अभ्यास महत्त्वाचा ठरला. अबुसिर अल-मेलेक इथल्या १५१ ममींपैकी ९० जणांचा मातृवंश (आईकडून येणारा डीएनए) वाचता आला, पण संपूर्ण जीनोमच्या पातळीवरची माहिती मिळाली ती फक्त तिघांची. हे लोक पश्चिम आशियाला जवळचे दिसले, तर सहाराच्या दक्षिणेकडचा अंश आजच्या इजिप्शियनांपेक्षा कमी निघाला. इजिप्शियन काळे नव्हतेच, असं म्हणणाऱ्या काहींनी लगेच विजय जाहीर केला. संशोधकांनी मात्र स्वतःच बजावलं होतं की एका गावावरून अख्खा देश ठरत नाही. ते गाव फायूमजवळचं, आणि फायूममध्ये ग्रीक राजवटीत परकी वस्ती भरपूर होती. दुसऱ्या बाजूचे लोक फॅरो तिसऱ्या रामसेसच्या ममीच्या २०१२ च्या चाचणीकडे बोट दाखवतात. तिच्यात त्याचा पितृवंश (वडिलांकडून येणारा डीएनए) आज सहाराच्या दक्षिणेला सर्वाधिक आढळणाऱ्या गटातला असल्याचा अंदाज होता. पितृवंश म्हणजे असंख्य पूर्वजांपैकी एकच धागा, हे या भांडणात कुणी फारसं बोलत नाही.

अबुसिर आणि नुवैरत या दोन्ही जागा दक्षिण इजिप्तमधल्या लक्सरच्या बऱ्याच उत्तरेला आहेत. अस्वान आणि नूबियाशी (आजच्या सुदानच्या उत्तरेकडचा प्रदेश) रोजचं जाणं-येणं असलेला दक्षिणेचा पट्टा या दोन अभ्यासांत आलेलाच नाही.

नुवैरतचा माणूस मेला तेव्हा ४४ ते ६४ वर्षांचा होता. हाडांवरच्या खुणांवरून त्याने आयुष्यभर बसून, वाकून अंगमेहनत केली असावी. संशोधकांच्या मते तो कदाचित कुंभार होता. दातांमधल्या रासायनिक खुणा सांगतात की त्याचं बालपण नाईलच्या खोऱ्यातच गेलं, आणि तो तिथलाच गहू, बार्ली खाऊन वाढला.