पोंभुर्ल्याची शून्यलब्धी

कोकणातलं मराठी शाळेतलं मूल दहावीपर्यंत एकसामयिक समीकरणं, वर्गसमीकरणं मराठीतच सोडवतं. मग अकरावी सायन्सला फंक्शन, लिमिट, डेरिव्हेटिव्ह एकदम इंग्रजीतून समोर येतात. कॅल्क्युलस मराठीत सांगता येत नाही, अशी समजूत तिथे पक्की होते. ही समजूत किती चुकीची आहे, हे पाहायला देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्यापर्यंत जावं लागतं.

बाळशास्त्री जांभेकर तिथले. १८३२ च्या 'दर्पण'मुळे त्यांचं नाव सगळ्यांना ठाऊक आहे. पण मुंबईला एल्फिन्स्टनमध्ये ते गणित शिकवत, आणि अवकलनावर, म्हणजे डेरिव्हेटिव्ह काढण्याच्या गणितावर, त्यांनी मराठीत पुस्तक लिहिलं: 'शून्यलब्धि'. बाळशास्त्री १८४६ मध्ये गेले, म्हणजे पुस्तक त्याआधीचं. मला या नावाचं फार अप्रूप वाटतं. जुन्या गणितात लब्धी म्हणजे भागाकाराचं उत्तर. वाढ शून्याकडे नेत नेत भागाकार करायचा आणि हाती काय लागतं ते पाहायचं, असा मी तो शब्द वाचतो. अख्खी कल्पना एका शब्दात आली आहे.

बीजगणिताची भाषा तर आपल्याकडे त्याहून कितीतरी जुनी. भास्कराचार्यांच्या ग्रंथात, ११५० च्या सुमारास, अव्यक्ताला, म्हणजे शोधायच्या अज्ञात संख्येला, यावत्तावत् म्हणत. दुसरं अव्यक्त आलं की कालक, मग नीलक, अशी रंगांची नावं.

बाळशास्त्रींचे विद्यार्थी केरूनाना छत्रे हे अलिबागजवळच्या नागावचे. त्यांनी शाळांसाठी मराठीत अंकगणिताचं क्रमिक पुस्तक लिहिलं. पुढे डेक्कन कॉलेजात त्यांच्या हाताखाली रत्नागिरीत जन्मलेले टिळक गणित शिकले. टिळक डेक्कन एज्युकेशन सोसायटीतून बाहेर पडले आणि १८९१ मध्ये त्याच सोसायटीच्या फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायला आले दापोलीजवळच्या मुरुडचे धोंडो केशव कर्वे. त्यांच्याच नात्यातले, मुर्डीचे रघुनाथ परांजपे १८९९ मध्ये केंब्रिजला सीनियर रँग्लर झाले, म्हणजे तिथल्या गणिताच्या परीक्षेत पहिले आले. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. पोंभुर्लं, नागाव, रत्नागिरी, मुरुड, मुर्डी: एका किनाऱ्यावरची ही माणसं, आणि बहुतेक जण पुढच्याला शिकवणारे.

डेरिव्हेटिव्ह शिकवताना मी फळ्यावर सूत्र लिहायच्या आधी घरापुढचं खळं काढतो. चौरस खळं, बाजू १० मीटर. बाजू १ मीटरने वाढवली की क्षेत्रफळ २१ ने वाढतं. ०.१ मीटरने वाढवली तर वाढ २.०१, तिला ०.१ ने भागलं की २०.१. मग ०.०१ घ्यायचं, भागाकार येतो २०.०१. आणखी लहान घेतलं तर काय, असं विचारायची वेळच येत नाही, कुणीतरी मागच्या बाकावरून "वीस!" म्हणून ओरडतं. मग मी फळ्यावर शून्यलब्धी लिहितो, आणि त्याखाली डीवाय बाय डीएक्स.