वाळवंटीकरण मोजायचं म्हणजे नक्की काय मोजायचं?

वाळवंटीकरण म्हटलं की वाळूच्या टेकड्या सरकत येऊन गावं गिळतायत असंच चित्र डोळ्यासमोर येतं, आणि त्यात निम्मा दोष शब्दाचाच आहे. १९४९ मध्ये एका फ्रेंच वनाधिकाऱ्याने हा शब्द रूढ केला तेव्हा तो सहाराच्या कडेबद्दल बोलतच नव्हता, आफ्रिकेतल्या बऱ्यापैकी पावसाच्या भागात जंगल तोडून-जाळून जमीन उघडी पडते त्याबद्दल बोलत होता. पुढे सहाराच्या दक्षिणेला लागून असलेल्या साहेल पट्ट्यात मोठा दुष्काळ पडला, १९७७ ला नैरोबीत जागतिक परिषद भरली आणि आकड्यांची मागणी सुरू झाली.

तेव्हाचा सगळ्यात गाजलेला आकडा सुदानचा. १९७५ मध्ये तिथे विमानातून पाहणी झाली, ती १९५८ च्या वनस्पती-नकाशाशी ताडली, आणि १७ वर्षांत वाळवंटाची हद्द ९० ते १०० किलोमीटर दक्षिणेला सरकली असा निष्कर्ष निघाला. भागाकार केला की वर्षाला साधारण साडेपाच किलोमीटर. गोची अशी की जुन्या नकाशातली हद्द मुळात पावसाच्या रेषेवरून आखलेली होती आणि नवी डोळ्यांनी बघून, तीही दुष्काळाच्या वर्षांनंतर लगेच! १९८० च्या दशकात स्वीडिश संशोधकांनी तोच भाग तपासला तर अशी पद्धतशीर आगेकूच काही सापडली नाही. पण भाषणांत साडेपाच किलोमीटर चालतच राहिले.

खरा फरक पडला तो हवामानाच्या उपग्रहांमुळे. हिरवं पान लाल प्रकाश शोषतं आणि अवरक्त परत फेकतं, या दोन्हींच्या फरकावरून हिरवेपणाचा निर्देशांक काढता येतो, आणि १९८० च्या दशकापासून तो सगळ्या जगासाठी सलग मिळायला लागला. १९९१ मध्ये सहाराच्या दक्षिण हद्दीचा दहा वर्षांचा हिशेब आला, त्यात १९८४ पर्यंत हद्द दक्षिणेला जाताना दिसते आणि मग १९८४-८५ या एकाच वर्षात ११० किलोमीटर उत्तरेला परत. पावसाबरोबर इतकी ये-जा होत असेल तर दोन वर्षं निवडून त्यांच्यात रेघ ओढण्याला अर्थ काय राहिला?

आता ७० टक्क्यांची गोष्ट, कारण माझ्या मते सगळा गुंता इथे आहे. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला जाहीर झालं की शेती-चराईच्या वापरातल्या शुष्क जमिनीपैकी जवळपास ७० टक्के, म्हणजे ३६० कोटी हेक्टर, बाधित आहे. पण त्यात माती खरोखर खराब झालेली जमीन १०० कोटी हेक्टरच्या आसपास, बाकीची २६० कोटींच्या घरातली अशी चराऊ कुरणं जिथे माती ठीक आहे पण गवत-झुडपं खालावली असं मानलं गेलं. मातीचा भागही ‘तज्ज्ञांचं मत’ गोळा करून रंगवलेल्या नकाशातून आलेला. फक्त माती धरली तर आकडा २० टक्क्यांच्या आसपास येतो, आणि २००५ च्या जागतिक परिसंस्था मूल्यमापनाने तर १० ते २० टक्केच सांगितले, म्हणजे जमीन तीच पण व्याख्या वेगळी.

व्याख्येतही ओढाताण होतीच. शुष्क भागातली जमिनीची अवनती, म्हणजे जमीन खालावणं, ते वाळवंटीकरण, पण कशामुळे? आधीच्या मसुद्यात ‘मुख्यतः माणसामुळे’ असं होतं, १९९२ ला रिओच्या वसुंधरा परिषदेत ते ‘हवामानातले बदल आणि मानवी व्यवहार यांसह विविध कारणांनी’ असं झालं आणि १९९४ च्या संयुक्त राष्ट्रांच्या वाळवंटीकरणविरोधी करारात तेच पक्कं झालं. मला हा बदल बरा वाटतो, नाहीतर सगळं खापर शेळ्या चारणाऱ्यावर फुटत होतं. पण मोजणाऱ्याची पंचाईत झाली, दुष्काळ कुठे संपतो आणि अवनती कुठे सुरू होते हे कोण ठरवणार? शिवाय अतिशुष्क भाग व्याख्येबाहेर, म्हणजे वाळवंटीकरणाच्या हिशेबात खरं वाळवंटच नाही.

दुष्काळानंतर साहेल पुन्हा हिरवं दिसायला लागलं, मग पावसाचा वाटा वजा करून उरलेला कल बघायची पद्धत आली. तरी उपग्रहाला हिरवं ते हिरवंच. कच्छच्या बन्नीत १९६० च्या दशकात लावलेली वेडी बाभूळ गवताळ कुरणावर पसरली, तिथल्या गुरं पाळणाऱ्या मालधाऱ्यांच्या दृष्टीने कुरण गेलं, निर्देशांकात मात्र ती झाडी हिरवीच. २०१८ च्या वाळवंटीकरणाच्या जागतिक ॲटलासने तर जगाचा एकच नकाशा द्यायचं सोडून दिलं. सध्याच्या शाश्वत विकासाच्या निकषात भूआच्छादन, उत्पादकता आणि मातीतला कार्बन असे तीन घटक आहेत, एक घसरला की जमीन अवनत धरतात. कार्बन तर बऱ्याचदा भूआच्छादनावरूनच अंदाजाने काढतात, म्हणजे एकच गोष्ट दोनदा मोजली जाते.

आपल्याकडच्या उपग्रह ॲटलासमध्ये २०१८-१९ साठी ९.७८५ कोटी हेक्टर, देशाच्या २९.७७ टक्के, हा अवनत जमिनीचा आकडा आहे आणि बातम्यांत तोच ‘वाळवंटीकरण’ म्हणून फिरतो. पण त्यात ओल्या प्रदेशातली अवनतीही धरलेली आहे, करारातल्या व्याख्येप्रमाणे फक्त शुष्क भाग घेतला तर ८.३६९ कोटी. म्हणूनच तर २०१६ च्या ॲटलासमध्ये निम्म्याहून जास्त जमीन बाधित असलेल्या राज्यांच्या यादीत राजस्थान-गुजरातच्या जोडीला गोवा आहे, जिथे पावसाळ्यात छत्री वाळत नाही.